इंग्रजी बोलतं करणारे प्रश्न कुठून आणायचे? (एकाच वर्गात सगळ्या पातळ्यांची माणसं आहेत, मदत हवी)

कळंबाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या माडीवर गेले चार महिने मी आठवड्यातून तीन संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. फी नाही, लाइटबिल सगळे मिळून भरतो. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई, शिक्षिका नव्हे, हे आधीच सांगून टाकते.

वर्गात चौदा जण आहेत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुली, त्यांना कॅम्पस इंटरव्ह्यूची धास्ती. शिरोलीच्या फाउंड्रीतले एक सुपरवायझर. चपलांचं दुकान चालवणारा एक तरुण, त्याला परदेशातून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा येते. एक रिक्षावाले दादा. आणि बासष्ट वर्षांच्या एक काकू, त्यांचा नातू अमेरिकेत आहे आणि त्याला मराठी समजतं पण बोलता येत नाही. बाकीचे यांच्या अधलेमधले.

नेटवरून बोलण्याच्या सरावाच्या शंभर प्रश्नांची यादी उतरवून घेतली, कार्डं कापली. पहिलं कार्ड: उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर तुम्ही काय करता? दुसरं: पहिल्यांदा बर्फ पडताना पाहिलात तो दिवस. माडीवर अशी शांतता की खाली आखाड्यात जोर मारणाऱ्यांचे श्वास ऐकू येत होते.

मग माझ्या शाळेतला हुकमी विषय काढला, 'माय अ‍ॅम्बिशन इन लाइफ'. रिक्षावाले दादा मराठीत म्हणाले, "मॅडम, अ‍ॅम्बिशन कसली, आरटीओनं पासिंगला त्रास देऊ नये एवढीच." सगळे खळखळून हसले. मी म्हटलं, हेच इंग्रजीत सांगा. परत शांतता.

तर प्रश्न असा: नवख्यांना काय विचारायचं, मधल्यांना काय, बऱ्यापैकी येणाऱ्यांना काय? आणि हे सगळे एकाच खोलीत असताना कसं जमवायचं?

---

पांढरा_रस्सा | सोमवार, रात्री १०:५८

पहिलं कार्ड मी देतो. तांबडा का पांढरा, आणि का? बघतो कोण गप्प बसतंय.

---

गुरुजी_गारगोटी | मंगळवार, सकाळी ६:१५

मॅडम, उपक्रम स्तुत्य आहे. पण पाया नसताना कळस चढवू नये. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. आमच्या पिढीनं एबीसीडी पाचवीत गिरवली. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी बारावीची मुलं 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणतातच. आधी काळ, मग वाक्यांचे साचे, मग बोलणं. चुकीचं बोलण्याची सवय लागली की ती सुटत नाही.

---

पांढरा_रस्सा | मंगळवार, सकाळी ९:०२

गुरुजी, रंकाळ्यात उडी मारल्याशिवाय पोहायला आलंय का कुणाला?

---

गुरुजी_गारगोटी | मंगळवार, सकाळी ९:२०

आम्हाला आधी पाठीला डबा बांधून विहिरीत सोडायचे. तो डबा म्हणजे व्याकरण.

---

खडू_डस्टर | मंगळवार, दुपारी १:३०

डब्याचा दृष्टांत आवडला, त्याच्याकडे परत येते. मी इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांची प्रशिक्षणं घेते, म्हणून जरा सविस्तर.

कळंबाकाठ ताई, पातळ्यांची एक बऱ्यापैकी चालणारी शिडी आहे. युरोप परिषदेनं २००१ साली भाषाशिक्षणासाठी एक चौकट प्रसिद्ध केली, तिला सीईएफआर म्हणतात. सहा पायऱ्या: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. यातली मोलाची गोष्ट अशी की माणसाला किती व्याकरण 'माहीत आहे' हे ती विचारत नाही, तो त्या भाषेत काय 'करू शकतो' हे विचारते. ए१ वाला स्वतःबद्दल, घरच्यांबद्दल, समोरच्या वस्तूंबद्दल सुटी सुटी वाक्यं बोलतो, तीही समोरचा सावकाश बोलला तर. ए२ वाला रोजचे व्यवहार निभावतो: दुकान, बस, वेळ ठरवणं. बी१ वर माणूस वाक्याला वाक्य जोडून घडलेली गोष्ट सांगतो, आपल्या मताचं कारण देतो. बी२ ला एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडतो, वाद पेलतो. सी१ आणि सी२ ला आडपडद्यानं, नेमकेपणानं, प्रसंग बघून बोलता येतं. तुमच्या वर्गात बहुधा ए१ ते बी२ असतील, वरच्या दोन पायऱ्या सध्या विसरा.

आता गंमत अशी की लोक पातळीप्रमाणे विषय बदलतात. नवख्यांना 'माझं कुटुंब', वरच्यांना 'जागतिक तापमानवाढ'. माझ्या मते फसगत इथेच होते. विषय सोपा-अवघड नसतो, त्या विषयाकडून तुम्ही कोणतं काम करून घेता ते सोपं-अवघड असतं. विषय एकच ठेवा, काम बदला.

मिसळ घ्या. ए१ ला समोर ताटलीचा फोटो ठेवायचा: यात काय काय आहे, रंग कोणता, गरम की गार, किती रुपयांना. ए२ ला दोघांत संवाद: एक दुकानदार, दुसरा तिखट न खाणारा पाहुणा. त्याला कट कमी हवाय, दही हवंय, पाव किती मिळतात ते विचारायचंय. बी१ ला: बाहेरगावच्या कुणाला तुम्ही मिसळ खायला नेलं होतं, काय झालं? बी२ ला: नावाजलेल्या मिसळवाल्यानं पुण्या-मुंबईत शाखा काढाव्यात का? एकानं हो म्हणायचं, एकानं नाही. आणि कुणी फारच पुढचा निघाला तर: देशभरच्या हॉटेलांत 'कोल्हापुरी' म्हणजे नुसतं लाल आणि जहाल असं समीकरण झालंय, त्यानं आपलं भलं झालं की नुकसान?

चौदा जण एका खोलीत, एकाच विषयावर, प्रत्येकाचं काम वेगळं. काकूंनी ताटलीतले पदार्थ सांगितले की तेच शब्द मुलींना वादात वापरायला मिळतात.

अजून एक. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. आणि ते वर्ग तर मातृभाषेतले होते. परक्या भाषेत दहा सेकंद धरा. दहा सेकंद फार मोठे वाटतात, घड्याळ लावून बघा.

---

जयप्रभा | मंगळवार, दुपारी २:०५

वाचनखूण साठवली.

---

व्हिसाच्या_रांगेत | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

आयईएल्ट्स (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) दोनदा दिली आहे, म्हणून या शिडीचा अनुभव सांगतो. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, समोर एक परीक्षक. पहिल्या भागात चार-पाच मिनिटं तुमच्याबद्दलचे साधे प्रश्न. दुसऱ्या भागात हातात एक कार्ड देतात, त्यावर विषय आणि खाली तीन-चार मुद्दे. विचार करायला एक मिनिट, कागद-पेन्सिल देतात, मग एक ते दोन मिनिटं तुम्ही एकटे बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच विषयावर चार-पाच मिनिटं चर्चा, पण आता प्रश्न तुमच्याबद्दल नसतात, समाजाबद्दल असतात. म्हणजे कार्डावर 'तुम्हाला आवडणारी मोकळी जागा' असेल, तर पुढे 'शहरांत मोकळ्या जागा का कमी होत चालल्यात' असं येणार.

पहिल्या वेळी मी पाठ करून गेलो होतो. विषय फिरला आणि मी भर एसीत घामाघूम. दुसऱ्या वेळी रोज एक कार्ड घेऊन रंकाळ्याला चक्कर मारायचो आणि एकटाच बडबडायचो. लोक बाजूला व्हायचे. पण बँड, म्हणजे गुण, वाढला.

मुलींना इंटरव्ह्यूसाठी ते एक मिनिट आणि कागद नक्की द्या. वाक्यं लिहू द्यायची नाहीत, फक्त चार शब्द.

---

ओतकाम | मंगळवार, रात्री ११:१०

सेकंड शिफ्ट संपवून लिहितोय. तुमच्या वर्गातले सुपरवायझर मी नव्हे, पण त्यांचं दुखणं माझंच.

आमच्याकडे बाहेरच्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर येतो. मला पॅटर्न, मोल्ड, कोअर, पोअरिंग, फेटलिंग, ब्लोहोल सगळे शब्द इंग्रजीच येतात, मराठीत कुणी म्हणतच नाही. अडतं ते मधल्या शब्दांवर. 'आधी', 'तोवर', 'नाहीतर', 'त्यामुळं'. ऑडिटर विचारतो, हे कास्टिंग रिजेक्ट का झालं? मी म्हणतो, "सँड मॉइश्चर, गॅस, ब्लोहोल." त्याला कळतं, पण मला माझीच लाज वाटते. वाळूत ओल जास्त राहिली, त्यामुळं धातू ओतताना वाफ झाली, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही म्हणून आत पोकळी राहिली, एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे.

म्हणून माझी सूचना: प्रत्येकाला त्याच्या धंद्यातली एक गोष्ट 'कशी होते' ते सांगायला लावा. शब्द त्याच्याकडं असतात, फक्त दोरा लागतो. आणि ऐकणाऱ्याला त्यातलं काही माहीत नसलं पाहिजे. माझ्याच हेल्परला ब्लोहोल समजावून सांगण्यात काय अर्थ?

---

खडू_डस्टर | बुधवार, सकाळी १०:१५

ओतकाम दादा, शेवटची दोन वाक्यं मी माझ्या प्रशिक्षणात वापरणार आहे. आमच्या भाषेत याला माहितीची दरी म्हणतात: एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नाही, म्हणून बोलावंच लागतं. 'हा पेन आहे का?' या प्रश्नावर कुणाची जीभ हलत नाही, कारण पेन दोघांनाही दिसतोय. उलट एकाच चित्राच्या दोन प्रती करा, एकीत पाच गोष्टी बदला, दोघांना पाठीला पाठ लावून बसवा आणि फरक शोधायला सांगा. ए१ वालासुद्धा बोलतो.

तुमच्या दोऱ्यासाठी एक जुनी युक्ती आहे, न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लिखाणातून ती पुष्कळांपर्यंत पोचली. ४-३-२. तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या जोडीदारांना सांगायची: पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. जोडीदार बदलतो म्हणून सांगायला कंटाळा येत नाही, वेळ कमी होतो म्हणून अडखळणं गळत जातं. नवख्यांना मिनिटं निम्मी करा.

आणि गुरुजी, तुमचा डबा. व्याकरण नको असं मी म्हणतच नाही. पण पोरगं पाण्यात हातपाय मारत असताना काठावरून 'कोपर सरळ कर' ओरडलं तर ते गटांगळी खातं. बोलताना चूक दिसली तर वहीत टिपून ठेवा. अर्थच बदलत असेल तरच तिथल्या तिथे थांबवा. शेवटी दोन-तीन चुका फळ्यावर, नाव न घेता.

---

गुरुजी_गारगोटी | बुधवार, सकाळी १०:४०

दोन-तीनच? माझ्या वहीत तेवढ्या पहिल्या वाक्यात होतील.

---

बावड्याचा_बंधारा | बुधवार, दुपारी ४:२०

एक खास आपल्याकडचा विषय सुचवतो, कुठल्या नेटवरच्या यादीत मिळणार नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात आपल्याकडं शेंबडं पोर पण हे आकडे सांगतं. नवख्यांनी आजची पातळी वाचायची. त्याच्या वरच्यांनी कालच्याशी तुलना करायची, वाढली की उतरली, किती इंचानं. मधल्यांनी 'जर-तर': पाणी ४३ च्या वर गेलं तर तुम्ही काय हलवणार, कुठं जाणार? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर? वरच्यांनी 'असं केलं असतं तर तसं झालं नसतं' अशी वाक्यं. इंग्रजीतली सगळ्यात किचकट वाक्यरचना आपल्याकडं दर ऑगस्टात कट्ट्यावर मराठीत चालूच असते की.

---

मिरजकर_तिकटी | बुधवार, संध्याकाळी ६:००

चपलावाल्या भावाला विचारा, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं आपल्या चपलेसारखी सँडल दाखवली तेव्हा त्याला काय वाटलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. कॉपी की कौतुक? बी२ काय, झेड२ पर्यंत बोलंल.

---

कळंबाकाठ | पुढचा मंगळवार, रात्री ११:३०

मंडळी, तीन वर्ग झाले. अहवाल देते. सगळं जमलेलं नाही.

मिसळीनं सुरुवात केली. खडू_डस्टर ताईंची शिडी तशीच्या तशी. काकूंनी ताटलीतले पदार्थ सांगितले, 'फरसाण' ला इंग्रजी काय यावर पाच मिनिटं गेली, शेवटी फरसाण इज फरसाण असं ठरलं. दुकानदार-पाहुण्याच्या संवादात रिक्षावाले दादा दुकानदार झाले आणि त्यांनी पाहुण्याला दही द्यायला साफ नकार दिला. "नो कर्ड. धिस इज कोल्हापूर." कार्डावर हे नव्हतं. पण गेल्या चार महिन्यांत त्यांनी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

मुलींचा शाखांवरचा वाद मात्र पडला. दोघी एकमेकींना 'आय अ‍ॅग्री' म्हणत राहिल्या, मैत्रिणी ना. पुढच्या वेळी जोड्या फोडल्या. एकीला चपलावाल्यासमोर बसवलं आणि प्राडाचा विषय दिला, तेव्हा तिला घाम फुटला. त्याच्याकडे व्याकरण शून्य, मुद्दे ढीगभर. त्यानं तिला हरवलं.

त्याचा अजून एक किस्सा. परदेशी गिऱ्हाइकाला त्यानं लिहिलं होतं की चप्पल पहिले चार दिवस 'विल बाइट यू'. गिऱ्हाईक पुन्हा फिरकलंच नाही. ही चूक मात्र मी तिथल्या तिथे दुरुस्त केली. गुरुजी, नोंद घ्यावी.

सुपरवायझरना ४-३-२ दिलं. पहिल्या वेळी चार मिनिटांत ते वाळूपाशीच अडकले. दुसऱ्या वेळी धातू ओतला. तिसऱ्या वेळी काकूंना सांगताना दोन मिनिटांत कास्टिंग थंड करून बाहेर काढलं, आणि मध्ये 'बिकॉज ऑफ दॅट' तीनदा आलं. तिन्ही वेळा मी चुका मोजल्या होत्या. खरं सांगते, चुका फारशा कमी झाल्या नाहीत. अडखळणं कमी झालं.

आता न जमलेलं. बंधाऱ्याचा विषय शुक्रवारी घेतला. आकडे वाचणं, तुलना, सगळं झोकात चाललं होतं. 'जर-तर' ला आलो आणि वर्गातल्या एक बाई, ज्यांच्याबद्दल मी वर लिहिलं नव्हतं, गप्पच झाल्या. त्यांच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं होतं आणि २०२१ ला पुन्हा. 'काय हलवणार' या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे होतं, त्यांना ते कुठल्याच भाषेत सांगायचं नव्हतं. मी कार्ड परत घेतलं. बंधारा दादा, विषय उत्तमच आहे, पण कुणापुढे ठेवतोय ते मी बघायला हवं होतं. आता प्रत्येक वेळी दोन कार्डं ठेवते, ज्याला जे हवं ते घ्यावं, कारण विचारायचं नाही.

---

बावड्याचा_बंधारा | पुढचा मंगळवार, रात्री ११:५०

आमच्या पण घरात होतं पाणी. मी त्यावर विनोद करतो, माझी आई करत नाही. लक्षात नाही आलं. त्यांना नमस्कार सांगा.

---

जयप्रभा | बुधवार, सकाळी ८:३०

काकूंचं काय झालं? त्या नातवाशी बोलल्या का?

---

कळंबाकाठ | बुधवार, दुपारी १२:१०

काकूंसाठी वेगळा प्रतिसाद राखूनच ठेवला होता.

आधी एक गंमत. काकू अस्सल कोल्हापूरच्या, स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. मी त्यांना सांगितलं की इंग्रजीत 'आय' म्हणताना बाई की बुवा याचा फरक पडत नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे इंग्रजी आमच्या कोल्हापूरचंच की." निघताना रोज 'ओके, आय कम' म्हणतात. 'येतो' चं भाषांतर. मी दुरुस्त केलेलं नाही, करणारही नाही.

तर ओतकाम दादांची 'कशी होते' ची सूचना मी त्यांना घरचा अभ्यास म्हणून दिली. काकूंचं माहेर करवीर तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. नातवाला त्यांनी रविवारी व्हिडिओ कॉलवर गूळ कसा करतात ते सांगायला घेतलं. ऊस चरकात घालायचा, रस काहिलीत उकळायचा, मळी काढायची. ती काढायला रानभेंडीचा चिकट रस घालतात, त्याला त्या 'लेडीज फिंगर ट्री वॉटर' म्हणाल्या. नातू सात वर्षांचा. तो प्रत्येक वाक्याला एकच शब्द विचारत होता: व्हाय? उकळायचं व्हाय? भेंडी व्हाय? ढेप गोल व्हाय? काकूंनी मोजलं नाही, पण सूनबाईंनी सांगितलं की कॉल पंचवीस मिनिटं चालला, एरवी तीन मिनिटांत संपतो.

आता वर्गात हेच सुरू केलंय. प्रत्येक जोडीत एक जण 'नातू' होतो. त्याला फक्त 'व्हाय' विचारायची परवानगी. नवखा असो की वरचा, नातवापुढे सगळ्यांची सारखीच दमछाक होते. इंजिनिअरिंगच्या मुलीला काल रिक्षावाले दादांनी तिच्या प्रोजेक्टवर सहा वेळा 'व्हाय' विचारलं. सहाव्याला ती म्हणाली, "आय डोन्ट नो, माय गाइड टोल्ड मी." कॅम्पस इंटरव्ह्यूआधी हे कळलं ते बरंच झालं.

---

खडू_डस्टर | बुधवार, दुपारी १:००

'नातू' उचलते आहे. श्रेय काकूंना.

---

पांढरा_रस्सा | बुधवार, दुपारी १:१५

लई भारी. पण तांबडा का पांढरा ते राहिलंच की.

---

गुरुजी_गारगोटी | बुधवार, संध्याकाळी ५:३०

पुढच्या शुक्रवारी कामानिमित्त कोल्हापुरात आहे. वर्गाला बसलो तर चालेल का? नातू व्हायला तयार आहे.

---

कळंबाकाठ | बुधवार, संध्याकाळी ५:४२

या की गुरुजी, साडेसातला. फक्त नातवाला चुका दुरुस्त करता येत नाहीत.

---

गुरुजी_गारगोटी | बुधवार, संध्याकाळी ५:४४

व्हाय?